चुकीचा साक्षीदार: तापमानवाढीवरच्या एका वादाचं प्रकरण

कोल्हापुरातली एक आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा. अंतिम फेरीचा विषय: 'जागतिक तापमानवाढ: नैसर्गिक की मानवनिर्मित?' दोन्ही बाजूंना तीन-तीन वक्ते, वक्त्याला सहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, आणि शेवटी खंडनासाठी प्रत्येक संघाला चार मिनिटं. शंभरपैकी मुद्द्यांना ४०, खंडनाला ३०, मांडणीला २०, वेळेला १० गुण. 'मानवनिर्मित' म्हणणारा संघ हरला, आणि थोडक्यात नव्हे, चांगला सपाटून हरला.

परीक्षकांचं चुकलं नव्हतं. त्या सभागृहात जे बोललं गेलं त्यावर तोच निकाल योग्य होता. पुरावा ज्यांच्या बाजूला आहे ते कसे हरले, एवढाच या प्रकरणाचा विषय. हाच सामना चहाच्या टपरीवर, तालमीच्या कट्ट्यावर आणि दर पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर होतो, आणि तिथेही बहुतेक वेळा असाच सुटतो.

सामना कसा फिरला

पहिल्या वक्तीने सुरुवात पुरापासून केली. कोल्हापुरात ते साहजिकच आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी पाण्यात, शिरोळ तालुका पाण्यात, पुणे-बंगळूर महामार्ग बंद. "ही तापमानवाढ नाही तर काय आहे?" असं विचारून ती बसली. टाळ्या जोरात पडल्या.

'नैसर्गिक' बाजूचा पहिला वक्ता शांतपणे उठला. १९८९ ला पूर आला होता, २००५ ला आला होता, नदी नव्याने वाहायला लागलेली नाही. मग त्याने नदीपात्रातला भराव काढला, पूररेषेच्या आतली बांधकामं काढली, महामार्गाचा उंच भराव आणि त्यातल्या अपुऱ्या मोऱ्या काढल्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद काढला. "पुराला धूर कशाला पाहिजे? एवढं पुरे आहे."

गंमत बघा, नैसर्गिक बाजूचा माणूस माणसाचीच करणी सांगत होता. समोरच्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या वक्त्यांनी पन्हाळ्याचा काळा दगड दाखवला, हिमयुगं सांगितली, सूर्यावरचे डाग सांगितले आणि शेवटी ऊस काढला: "धूर म्हणाल तर आपल्याकडं प्रत्येक गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघतोय. मग शेतकऱ्याला आरोपी करणार काय?" मागच्या रांगेतून एक आवाज आला, "भावा, आकडा सांग की!" तो मानवनिर्मित संघाला उद्देशून होता. त्यांच्याकडे आकडा नव्हता. सामना तिथेच चितपट झाला.

पूर हा साक्षीदार कच्चा का

धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी यांच्यामध्ये किती कड्या आहेत ते मोजू. हवेत वायू वाढतो. त्याने पृथ्वीचं सरासरी तापमान वाढतं. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, एका अंशाला सुमारे ७ टक्के. अरबी समुद्रावरून ते बाष्प घाटाला येऊन धडकतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात ते किती तासांत उतरतं यावर पुढचं अवलंबून. त्याआधी धरणं किती भरली होती हा वेगळा प्रश्न. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक भोगावतीत येतं. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी प्रयागजवळ एक होतात. तिथून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा सुमारे ८० किलोमीटर जवळजवळ सपाटीवरून, वळणं घेत जाते आणि कृष्णा आधीच फुगलेली असेल तर तिचं पाणी पुढे सरकतच नाही. त्यावर पात्रातले भराव आणि पूल.

यातल्या प्रत्येक कडीचं वजन वेगळं आहे. तापमानवाढ फक्त पहिल्या तीन-चार कड्यांना हात लावते. ढोबळ हिशेब असा: एखाद्या झडीत ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि हवा एका अंशाने तापलेली असेल, तर केवळ बाष्पाच्या हिशेबाने त्यातले सुमारे २० मिलिमीटर वाढीव धरता येतील. हे कमी नाही, पण ५५ फुटांचा सगळा दोष त्यावर टाकता येत नाही. विरोधकाने नेमकी हीच फट पकडली.

दुसरी अडचण जास्त बोचणारी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेल्या सरकारी आढाव्यात १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे, आणि घट ठळक असलेल्या भागांत पश्चिम घाटही येतो. त्याच आढाव्यात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वरचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचंही म्हटलं आहे. एकूण कमी, एकदम जास्त. ही दोन वाक्यं एकत्र सांगितली तर चित्र उमटतं. फक्त "पाऊस वाढला" म्हटलं, तर आढावा वाचलेला कोणीही एका वाक्यात आडवा करतो.

म्हणून पूर शेवटच्या मिनिटासाठी ठेवायचा, आणि तोही 'कारण' म्हणून नव्हे, 'शक्यता वाढली' एवढ्याच मापाने. पहिल्या वक्तीने सगळ्यात भावनेचा पण सगळ्यात लांबचा साक्षीदार आधी उभा केला. उलटतपासणीत तो फुटला, आणि पुढचे साक्षीदार बोलवायला वेळच उरला नाही.

खतावणी फळ्यावर

मागच्या रांगेला हवा असलेला आकडा दीड मिनिटात फळ्यावर लिहून होतो. खडू आणि चार ओळी.

पहिली ओळ: कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून जगात वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल धरून आणखी सुमारे ४. एकूण ४१.

दुसरी ओळ: हवेतलं प्रमाण दशलक्षात एका भागाने, म्हणजे एक पीपीएमने वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन लागतो. ४१ भागिले ७.८, म्हणजे साधारण सव्वापाच पीपीएम.

तिसरी ओळ: प्रत्यक्षात मोजलेली वाढ अलीकडच्या दशकात वर्षाला सरासरी अडीच पीपीएमच्या आसपास.

चौथी ओळ: उरलेलं समुद्र आणि झाडं-माती यांनी घेतलं.

इथे थांबून एक प्रश्न विचारायचा, आणि पूर्ण सामन्यात याच्याइतका धारदार दुसरा नाही: आपण टाकतो त्याच्या निम्म्यानेच जर हवेतलं प्रमाण वाढत असेल, तर निसर्ग एकूण हिशेबात देतोय की घेतोय? घेतोय. जो खातेदार दरवर्षी निव्वळ पैसे काढून नेतो, त्याच्यामुळे शिल्लक वाढली असं कोणी म्हणत नाही. निसर्गाची उलाढाल आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे हे खरं. झाडांचा श्वास, समुद्राची देवघेव मिळून ती शेकडो अब्ज टनांत जाते. नैसर्गिक बाजू नेहमी ही उलाढालच पुढे करते. बाकी कोणाची पडली ते सांगत नाही.

मोजमाप कुठलं, हे विचारलं जाणारच. हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये सलग नोंदी सुरू केल्या तेव्हा प्रमाण ३१५ पीपीएमच्या घरात होतं. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वीचे २८० हे बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून मोजलेलं. मौना लोआ हाच ज्वालामुखी आहे, मग नोंदी भरवशाच्या कशा, असा डाव कोणी टाकला तर घाबरायचं कारण नाही: वाऱ्याची दिशा बघून डोंगराच्या वायूचे वाचन वगळतात, आणि दक्षिण ध्रुवावरची नोंदही हाच चढ दाखवते.

पन्हाळ्याचा दगड

ज्वालामुखीचा मुद्दा इथे चांगलाच चालतो, कारण आपण बसलोय त्याच्यावरच. पन्हाळा, जोतिबा, सगळा काळा पत्थर दख्खनच्या लाव्ह्याचा; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षं थरावर थर साचला. माथ्यावरचा जांभा त्याच दगडाचं उष्ण-दमट हवेत झालेलं रूप. पृथ्वीचं हवामान माणसाशिवाय बदलतं याला याहून चांगला पुरावा कोल्हापूरकराला शोधायला नको.

मानवनिर्मित संघ हे नाकारायला गेला, आणि ही त्यांची दुसरी मोठी चूक. मान्य करून टाकायचं. मग विचारायचं, त्या उद्रेकांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्यावर हवा कुठल्या दिशेला गेली? तापण्याच्या. म्हणजे पन्हाळ्याचा दगड या वायूच्या गुणधर्माची साक्ष देतो, त्याच्या निरपराधीपणाची नव्हे. आजच्या सगळ्या ज्वालामुखींचा मिळून वार्षिक कार्बन डायऑक्साइड आपल्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. मोठा स्फोट झाला तर अल्प काळात उलटंच होतं: १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला, गंधकाच्या वायूचा पडदा वर गेला आणि जगाचं सरासरी तापमान साधारण दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आलं.

गुऱ्हाळ आणि क्युपोला

उसाचा मुद्दा टाळ्यांसाठी होता, पण सगळ्या सामन्यातला शास्त्राच्या दृष्टीने श्रीमंत मुद्दा तोच. त्याला उत्तर न देता सोडून दिलं याची हळहळ वाटते.

चालू हंगामात करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळावर उभं राहा. चरकातून निघालेली चिपाडं अंगणात वाळत पडलेली. वाळली की तीच चुलवाणात सारली जातात. काहिलीखालची धग कमी-जास्त करणं हे त्या सारणाऱ्याच्या हातात. धुराड्यातून पांढरट धूर. आता त्या धुरातला कार्बन कुठून आला? सुरू लागण असेल तर गेल्या बारा महिन्यांत, आडसाली असेल तर अठरा महिन्यांत, उसाच्या पानांनी याच हवेतून घेतला. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडवा फुटला की तो परत घेणार. फेरा दीड वर्षात बंद होतो.

तिथून शिरोलीला या. फौंड्रीतल्या लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीत दगडी कोळशाचा कोक टाकतात, लोखंडातली मळी वेगळी करायला सोबत चुनखडी. कोकमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. चुनखडीतलाही तसाच, तापली की तो कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. या दोन्हींना परत जमिनीत नेणारा खोडवा नाही. धूर दोन्हीकडे धूरच, पण एक चालू खात्यातला आणि एक मुदतठेव मोडून काढलेला.

हवेत गेल्यावर मात्र हे दोन्ही कार्बन मिसळतात, मग ओळखायचे कसे? कार्बनच्या अणूंचे वजनाने तीन प्रकार आहेत: १२, १३ आणि १४. त्यांपैकी १४ हा किरणोत्सारी, दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. त्यामुळे जिवंत झाडात, चिपाडात, गुळात तो सापडतो. कोळशात आणि डिझेलमध्ये मापण्याइतकाही उरलेला नसतो. गाडलेला कार्बन हवेत ओतला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जातं. हान्स सूस याने १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात हे दाखवलं. इथे एक खड्डा आहे: १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत भरमसाट कार्बन-१४ सोडला, त्यामुळे त्यानंतरचा आलेख आधी वर उडतो आणि मग उतरतो. विरोधकाने फक्त वर उडालेला भाग दाखवला तर गोंधळ होतो. म्हणून चाचण्यांच्या आधीचं लाकूड दाखवायचं.

कार्बन-१३ ची गोष्ट वेगळी आणि कोल्हापूरला जवळची. झाडं हलका कार्बन-१२ जास्त आवडीने घेतात. कार्बन-१३ ठरावीक नमुन्यापेक्षा हजारात किती कमी-जास्त हे सांगणाऱ्या मोजपट्टीवर बहुतेक झाडं उणे २७ च्या आसपास येतात. ऊस, मका, ज्वारी यांची अन्न तयार करण्याची पद्धत वेगळी असल्याने ती उणे १२-१३ वर येतात. मधात उसाची साखर मिसळली की प्रयोगशाळेत पकडतात ती याच फरकावरून, कारण मध बहुतांशी दुसऱ्या गटातल्या फुलांचा. हीच मोजपट्टी हवेला लावली तर औद्योगिक काळाआधी उणे साडेसहाच्या आसपास असलेली हवा आता उणे साडेआठच्या आसपास आली आहे. ज्वालामुखीचा वायू उणे ५ च्या जवळपास असतो. तो मिसळून हवा त्या दिशेला जाऊच शकत नाही. समुद्रातून निघालेला कार्बनही नाही. जगातल्या कोळसा-तेल-वायूची सरासरी उणे २८ च्या घरात आहे, आणि ती हवेला खाली ओढते.

एकट्या कार्बन-१३ वर मात्र विसंबू नये. जंगलं जाळली तरी हवा त्याच बाजूला सरकते. १३ सांगतो की कार्बन वनस्पतीजन्य आहे, १४ सांगतो की तो जुना आहे. दोन्ही मिळून 'जुनी वनस्पती', म्हणजे जमिनीखालचं इंधन. तिसरा साक्षीदार प्राणवायू: तो हवेत अगदी किंचित पण सातत्याने घटतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. समुद्र कार्बन सोडत असता तर प्राणवायू असा घटला नसता. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच; तो उतरला म्हणजे आम्लता वाढली) ८.२ वरून ८.१ कडे उतरलाय. पाणी कार्बन घेतंय, देत नाही.

शेतकऱ्याला आरोपी करणार काय, याचं प्रामाणिक उत्तर असं: चिपाडासाठी नाही. फडातलं पाचट पेटवण्याने काजळी आणि थोडा मिथेन जातो. खरा हिशेब युरियाचा आहे. पिकाला न लागलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने तो टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. पाटपाण्याने तुडुंब भरलेल्या सरीत भरमसाट युरिया फेकला की हे नुकसान दुप्पट: खत वाया आणि वायू वर. मोटारीला लागणारी वीज कोळशाची असेल तर तीही याच खात्यात.

सूर्य

हा मुद्दा दोन मिनिटांत संपतो. पृथ्वीपाशी सूर्याची शक्ती चौरस मीटरला १३६१ वॅट. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्क्याने हलते, म्हणजे १.४ वॅटच्या आसपास. पृथ्वी गोल म्हणून चाराने भागायचं, आणि ३० टक्के प्रकाश परत जातो म्हणून ०.७ ने गुणायचं: हाती ०.२४. तोही चढतो आणि उतरतो. कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० ला गेल्याचा भार, म्हणजे चौरस मीटरमागे अडकणारी जादा ऊर्जा, ५.३५ गुणिले दीडचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे २.२ वॅट, आणि तो उतरत नाही. १९७८ पासून उपग्रह सूर्य मोजताहेत. या काळात तापमान चढलं, सूर्य चढलेला नाही.

त्याहून पक्की खूण वातावरणाच्या थरांत आहे. सूर्य जास्त तापला असता तर जमिनीलगतची हवा आणि तिच्या वरचा थर, स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर), दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. घोंगडी जाड झाली की आतलं अंग तापतं आणि बाहेरचा पदर गार लागतो, तसं. ओझोन घटल्यानेही स्थितांबर थंड होतो, म्हणून जाणकार विरोधकासमोर त्याचा अगदी वरचा भाग दाखवावा. तिथल्या थंडीत कार्बन डायऑक्साइडचा हात स्पष्ट दिसतो.

जिथे संघ गप्प झाला

"हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं आणि मग कार्बन. मग कारण कोण आणि परिणाम कोण?" या प्रश्नावर मानवनिर्मित बाजूचा तिसरा वक्ता पंधरा-वीस सेकंद गप्प उभा होता. प्रश्न चांगला आहे, आणि त्यातला आधार खरा आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात काही संक्रमणांत तापमानाची चढण कार्बनच्या काहीशे वर्षं आधी सुरू झालेली दिसते.

उत्तर असं द्यायचं. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रांत बदलतो. त्याने उत्तरेकडच्या उन्हाळ्यातलं ऊन कमी-जास्त होतं. तिथून पहिला धक्का. समुद्र थोडा तापला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, आणि तो बाहेर आला की आणखी तापवतो. म्हणजे तेव्हा कार्बन हा परिणामही होता आणि कारणही. आज पहिला धक्का कक्षेचा नाही. कक्षेचा कल गेली काही हजार वर्षं हळूहळू थंडाव्याकडेच आहे. पूर्वी शेत पावसाने भिजायचं म्हणून आज सरीत उभं असलेलं पाणी पावसाचंच ठरत नाही. मोटारीचं मीटर फिरलेलं दिसतंय.

वेगही सांगायचा. शेवटचं हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएमने वाढायला हजारो वर्षं लागली. मौना लोआच्या नोंदीत ११० पीपीएमची भर ६६ वर्षांत आहे. गेल्या आठ लाख वर्षांच्या बर्फात प्रमाण १८० ते ३०० च्या दरम्यानच हिंदकळत राहिलं.

सिमेंटची उष्णता आणि धुळीचा पडदा

शहरं तापतात म्हणून आलेख तापलेला दिसतो, हा मुद्दा राजारामपुरीत दुपारी उभं राहिलं की पटतो. शहरी उष्णता खरी आहे, पण पृथ्वीच्या ७१ टक्के भागावर समुद्र आहे आणि तिथे कोणी डांबर ओतलेलं नाही. वाढीव उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रातच गेली आहे.

दुसऱ्या बाजूचं एक तथ्य मानवनिर्मित संघाला माहीतच नव्हतं, आणि ते त्यांच्या उपयोगाचं होतं. माणसाने हवा तापवली तशी थोडी झाकलीही. कोळशाच्या धुरातले गंधकाचे कण ऊन परतवतात. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंशानेच वाढलं, जगापेक्षा कमी. त्यामागे हा पडदाही एक कारण आहे. 'आपल्याकडं तर कमीच वाढलंय' हे वाक्य म्हणून नैसर्गिक बाजूला जात नाही.

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालातला हिशेब असा. १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश. हरितगृह वायूंनी एक ते दोन अंश वर ढकललं. धूलिकणांसारख्या इतर मानवी कारणांनी शून्य ते ०.८ अंश खाली ओढलं. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१; एल निनोसारखी अंतर्गत हालचाल उणे ०.२ ते अधिक ०.२. हा एक परिच्छेद पहिल्याच वक्तीने वाचला असता तर पुढच्या पाच वक्त्यांना वेगळं बोलावं लागलं असतं.

विषयच वाकडा

एवढं सगळं असूनही अर्धा दोष विषय छापणाऱ्यांचा. 'नैसर्गिक की मानवनिर्मित' या 'की'मध्ये तीन प्रश्न कोंबले आहेत: निसर्ग हवामान बदलू शकतो का, सध्या बदल होतोय का, आणि सध्याच्या बदलात कोणाचा वाटा किती. नैसर्गिक बाजूने पहिल्याचं उत्तर सिद्ध केलं आणि तिसरा जिंकल्याचे गुण घेतले. परीक्षकांच्या तक्त्यात 'मुद्दे' असा एकच रकाना होता; कुठल्या प्रश्नावरचा मुद्दा, हे लिहायला जागाच नव्हती.

पुढच्या खेपेला विषय असा छापता येईल: '१९७० नंतरच्या जागतिक तापमानवाढीत नैसर्गिक कारणांचा वाटा एक चतुर्थांशापेक्षा जास्त आहे.' वर्ष ठरलं, वाटा ठरला, सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर तेही ठरलं. नैसर्गिक बाजूला हे अवघड जाईल, पण ती निहत्थी नाही. अंतर्गत हालचालीची मर्यादा ०.२ अंश आहे, तेवढी लढवता येते. धूलिकणांचा हिशेब अजून रुंद आहे, शून्य ते ०.८ म्हणजे खूपच. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर शेवटी किती तापेल, याचा संभाव्य पल्लाही अडीच ते चार अंश असा मोठा आहे. आणि एका जिल्ह्याच्या, एका नदीच्या पातळीवर उतरलं की आकड्यांची पकड सैल होतेच.

मानवनिर्मित बाजूने वेळ अशी वाटावी: पहिल्या वक्त्याने फळ्यावरची खतावणी आणि कार्बनची ओळख, दुसऱ्याने सूर्य, ज्वालामुखी आणि स्थितांबर, तिसऱ्याने हिमयुगाचा प्रश्न समोरून यायच्या आत स्वतःच काढून सोडवावा. पूर तिसऱ्याच्या शेवटच्या चाळीस सेकंदांत, ७ टक्क्यांच्या वाक्यासह. खडू आणि फळा मिळणार का, हे आयोजकांना आदल्या दिवशी विचारून ठेवावं; नसेल तर ४१, ७.८ आणि अडीच हे तीन आकडे पुठ्ठ्यावर मागच्या रांगेला दिसतील एवढे मोठे लिहून न्यावेत.